मोठ्या भावकीतलं लिनक्स

मालक चप्पल घ्यायला गेले की दुकानात उकिडवे बसायचे. अंबरनाथ पूर्वेच्या बाजारातल्या चपलावाल्यांना हा माणूस चांगला ठाऊक होता. पायात घालून दोन पावलं चालायचं आणि आरशात बघायचं, एवढ्यावर त्यांचं भागत नसे. ते आधी उकिडवे बसत, मग गुडघ्याला हात न लावता उठत, मग तीच कोरी चप्पल घालून बाहेर गटारावरच्या हलत्या लादीवर जाऊन उभे राहत. एकदा मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, "काका, मैली हो जाएगी, अभी बिल नहीं हुआ." मालक लादीवरूनच ओरडले, "मैली नहीं होगी तो क्या देवघर में रखूंगा?" मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरून डबे बघायचं नाटक केलं. एवढं सगळं करून ते जुन्याच चपला घालून परत आले.

मी त्यांची भाडेकरू. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत त्यांची तीन मजली इमारत होती आणि तळमजल्यावर माझं डीटीपीचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, हळदीच्या पत्रिका, वाढदिवसांचे बॅनर, शाळेच्या प्रकल्पांची मुखपृष्ठं, येईल ते काम मी करायचे. इमारतीची जागा म्हणजे त्यांच्या वडिलांची भातजमीन. घर आगरी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. शेत गेलं, इमारत आली, तरी बाजूच्या चिंचोळ्या पट्टीत मालक वाल लावायचे आणि भाडेकरूंपेक्षा त्या वालाची चौकशी जास्त करायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली खाकी हाफपँट, आणि आवाज असा की फोनवर बोलताना फोनची गरज नसे.

गाळा मागायला मी पहिल्यांदा गेले ते उन्हाळ्यात. त्यांनी मला सरळ परत पाठवलं. "आता नको गो. जुलयमदी ये." मला वाटलं, द्यायचा नाही म्हणून टोलवताहेत. जुलैत त्यांचाच फोन आला. "नदी वर आलीय, लवकर ये." मी छत्री सांभाळत पोचले तर मालक गाळ्यात गुडघाभर गढूळ पाण्यात उभे, जसे काही नमुना फ्लॅट दाखवताहेत. "हा बघ. आता पायजे का सांग. पानी दावल्याबिगर मी गाला देत नाय." मी चिडले होते, भिजले होते, पण बदलापुरात फिरून मी जेवढे गाळे पाहिले त्यांतल्या एकाही मालकाने पाणी कुठवर येतं ते सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या खुणेच्याही वर, माझ्या छातीएवढा उंच ओटा बांधून दिला. कॉम्प्युटर त्याच्यावर, आणि मी उंच स्टुलावर. गिऱ्हाइकं खालून मान वर करून बोलायची आणि मला उगीचच कोर्टात बसल्यासारखं वाटायचं. पुढे पाणी आलं, गेलं, कॉम्प्युटरच्या वायरीलाही लागलं नाही.

"सोप्या कामात सगलेच हुशार," हे त्यांचं पालुपद. कुठलीही वस्तू घरात यायची तर तिला घरातलं सगळ्यात अवघड काम आधी द्यायचं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मिक्सर बघायला गेले तर खिशातून हळकुंडं काढली. पहिल्या मिक्सरमधून धूर आला, दुसरा टिकला. सिंधी दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण मग चहा मागवला आणि म्हणाला, "साईं, आप दूसरी दुकान में भी ऐसे ही जाना, मेहरबानी होगी."

लेकीसाठी मुलगा बघायला आला तेव्हा तर कहरच. मुलगा नोकरीला, शिकलेला, बघायला छान. चहापोहे झाले. मालकांनी त्याच्या हातात टेम्पोची किल्ली दिली आणि म्हणाले, "गारी जरा मागं घेऊन गल्लीच्या भायेर कार." आमची गल्ली म्हणजे सायकल वळवायची तरी उतरावं लागतं. बिचाऱ्याने घाम पुसत टेम्पो मागे घेतला आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला घासला. मुलगा खाली उतरला, शेजाऱ्यांची बेल वाजवली, "तुमची भिंत मी खरवडली" म्हणून सांगितलं आणि गवंडी कोण आहे ते विचारलं. मालकांनी तिथेच होकार दिला. आम्ही भाडेकरू गॅलरीतून हे बघत होतो. काकी, म्हणजे त्यांची बायको, मला नंतर म्हणाली, "त्या पोराचा सोपा झाला गो. मना बघाया आलं तवा यांनी सुक्या बोंबलाची चटनी वाटाया लावलीन, ती पन पाट्यावर, नवी सारी नेसून." मी विचारलं, मग तुम्ही लग्नाला हो कसं म्हटलंत? ती म्हणाली, "मी पन सांगितला, आता तुमी पाटा धुवा. त्यांनी धुतलान."

आता माझ्या दुकानाचं सांगते, कारण मालक पूर्ण कळले ते तेव्हा.

आमच्याकडे पत्रिका कोऱ्या कागदावरून बनत नाही. धाकट्याचं लग्न निघालं की घरचे येऊन म्हणतात, थोरल्याची काढ. थोरल्याची फाईल उघडायची, वरची नावं तशीच ठेवायची, नवरा-नवरी बदलायची. आजोबा कुठे, चुलते कुठल्या क्रमाने, कोणाच्या नावामागे 'कै.' लागलं, मामा डावीकडे की उजवीकडे, हे सगळं एकदा भांडून ठरलेलं असतं आणि ते भांडण पुन्हा कोणालाच नको असतं. एक नाव वरचं खाली आलं तर त्या घरातून हळदीला कोणी फिरकत नाही. गावातल्या बहुतेक घरांच्या अशा पत्रिका माझ्या कॉम्प्युटरवर होत्या, एका फार जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. दुकान चाललं होतं ते त्या फाइलींवर. त्या उघडल्या नाहीत तर मी नुसती टायपिस्ट, आणि टायपिस्ट गल्लोगल्ली आहेत.

कॉम्प्युटर मात्र दमला होता. त्यावरच्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस काही बंद होत नव्हते. एका सकाळी सगळे फोल्डर रिकामे दिसले. फाइली नंतर सापडल्या, पण मी घाबरले ती घाबरलेच. कॅम्प चारचा रिपेअरवाला भला माणूस होता, त्याने खरं ते सांगितलं. "दीदी, इस मशीन पे नया विंडोज नहीं चढ़ेगा. नयी मशीन लो, तो उस पे आपका ये पुराना सॉफ्टवेअर चलेगा कि नहीं, मैं बोल नहीं सकता." नवीन मशीन घ्यायची माझी ऐपत नव्हती. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, त्यानंतर सीझन. मी अंबरनाथमध्ये एका ऑफिसात नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला. हे मी फक्त काकीला सांगितलं, म्हणजे मालकांना दुपारच्या जेवणाआधी कळलं.

माझी धाकटी बहीण अंबरनाथ पूर्वेला राहते. ती आयटीत आहे, सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती म्हणाली, "ताई, विंडोजच्या जागी लिनक्स टाक. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची कटकट कमी. तुझं जुनं सॉफ्टवेअर चालतंय का ते बघू." लिनक्स एकच नसतं हे मला तेव्हा कळलं. वेगवेगळी मंडळी आपापल्या पद्धतीने ते बांधून देतात आणि अशा प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. त्यांतलं आपल्याला कुठलं, हाच मोठा प्रश्न.

रविवारी ती तीन पेनड्राइव्ह घेऊन आली. पहिला लावला आणि मी हरखलेच. पडद्यावर जांभळे डोंगर, खिडक्या उघडताना हलकेच डुलायच्या. मी म्हटलं, हेच घेऊ. एवढ्यात मालक आले.

"यो काय हाय?"

बहिणीने समजावलं, की हे अजून मशीनमध्ये घातलेलं नाही, पेनड्राइव्हवरूनच चालतंय, आवडलं तर मग आत घालायचं.

मालक खूश झाले. "मंजे पावना म्हनून आलाय. पसंत परला त घरात घ्यायचा."

"बरोबर, काका."

"मंग डोंगर कनाला दावतंस? डोंगर आपल्या खिरकीतून दिसतात. कामाला लाव त्याला. माझ्या पोरीच्या हलदीची पत्रिका उघर."

मी मनात म्हटलं, मेले. ती पत्रिका म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. अख्खी भावकी चार रकान्यांत, भोवती नारळ आणि होडीची किनार, वर मालकांनी स्वतः रचलेल्या चार ओळी. नावं इतकी, की शेवटी त्यांच्या दोन साडूंना मी किनारीला खेटून कसंबसं बसवलं होतं.

विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायला मध्ये एक दुभाष्या लागतो, तसा एक प्रोग्राम असतो. बहिणीने तो टाकला, पण डुलणाऱ्या खिडक्यांच्या त्या पाहुण्यावर माझं सॉफ्टवेअर सुरूच होईना. प्रिंटरही ओळखेना. मालक म्हणाले, "याला एसटीत बसवून दे."

दुसऱ्यावर सॉफ्टवेअर उघडलं. पत्रिकाही उघडली, पण अक्षरं फुगून रकाने वाहून गेले आणि शेवटची नावं कागदाच्या खाली पडली. मालकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "माझा थोरला साडू कुठं गेला?" बहीण म्हणाली, जुने फॉन्ट टाकायचेत अजून. तिने ते टाकले आणि साडू परत आले. आता प्रिंटर अडला. प्रिंटरच्या कंपनीने या डिस्ट्रोसाठी काही बनवलंच नव्हतं. बहिणीने हात वर केले आणि मालकांना कारण सांगितलं. "काका, प्रिंटरवाले, सॉफ्टवेअरवाले काय करतात, जी डिस्ट्रो सगळ्यात जास्त लोक वापरतात तिच्यासाठी आधी बनवतात. तिच्या नात्यातल्या बाकीच्यांनाही तेच चालतं. जे वेगळ्या घरचे, त्यांनी आपलं आपण जुळवायचं. जमतं, पण ताईला रोज कोण जुळवून देणार?"

मालकांनी मांडीवर थाप मारली. "मंजे भावकी. भावकी मोठी असली का अरल्यानरल्याला कोनतरी धावतो. मंग सरल मोठ्या भावकीतला आन की गो, इकरं तिकरं कनाला फिरतंस?"

बहीण हसली. "तोच तिसऱ्या पेनड्राइव्हवर आहे. मिंट. डेबियन आजोबा, उबुंटू बाप, हा नातू. आणि नवी कोरी आवृत्ती नाही आणली, जिला पाच वर्षं सांभाळणार आहेत ती आणलीय."

"घराना चांगला हाय," मालक म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

नातवाने प्रिंटर बघताक्षणी ओळखला. दुभाष्या बसला, फॉन्ट बसले, पत्रिका उघडली. मालकांनी चष्मा लावून सगळी भावकी वाचून काढली. दोन्ही साडू किनारीला खेटून जागच्या जागी होते. मग आम्ही सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्या आणि मिंट मशीनमध्ये घातलं. बहीण शेवटची तपासणी करत होती तेव्हा मालक उठले, पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी मेन स्विच पाडला.

पडदा काळा. बहीण किंचाळली. "काका, असं करतात का!"

"शुक्रवारी लाईट जाते ती तुना विचारून जाते?" त्यांनी स्विच वर केला. मशीन उठलं, पत्रिका उघडली, जिथवर सेव्ह केली होती तिथवर शाबूत. बहिणीचा राग मात्र संध्याकाळपर्यंत टिकला. तिच्या ऑफिसात इतक्या निर्दयपणे कोणी तपासत नाही, असं तिने मला जाताना सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात फोन करून म्हणाली की हा प्रकार तिने ऑफिसातल्या एका मशीनवर करून पाहिला आणि बोलणी खाल्ली.

सगळंच जमलं असं नाही. माझं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर तिथे चाललं नाही. दुसरं शिकावं लागलं आणि महिनाभर मी त्याच्या नावाने खडे फोडले.

पण खरा घोळ बाहेर झाला. मांजर्लीत बातमी फिरली की हिचं मशीन मेलं आणि बहिणीने त्यात काहीतरी फुकटचं घातलंय. त्या 'फुकट' शब्दाने घात केला. तुळशीचं लग्न झालं तरी माझ्याकडे एक पत्रिका येईना. लोक परस्पर उल्हासनगर गाठू लागले. अंबरनाथच्या ऑफिसातून निरोप आला, येणार असाल तर सोमवारपासून या.

मालकांना हे काकीकडून कळलं असणार. त्यांनी काय करावं? गावदेवीच्या पायरीवर चार माणसं बसली असताना ते आपल्या चुलतभावाशी बोलले. हा चुलतभाऊ त्यांच्याशी कितीतरी वर्षं धड बोलत नव्हता. कोणाच्या तरी लग्नात, दुसऱ्याच कुठल्या दुकानात छापलेल्या पत्रिकेत, त्याच्या वडिलांचं नाव खालच्या ओळीत गेलं होतं आणि त्या घरचा राग सगळ्या भावकीवर पसरला होता. आता त्याच्या धाकट्याचं लग्न निघालं होतं. थोरल्याची पत्रिका मीच केली होती. चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "थोरल्याची होती तशी काढून दाव. एक नाव हाललं त मी उल्हासनगरला जातंव." मालक म्हणाले, "आनि नाय हाललं त गावाच्या सगल्या पत्रिका हितंच." लोकांनी माना डोलावल्या आणि पैज ठरली.

मला कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. माझ्या दुकानावर मला न विचारता पैज लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं सरळ विचारलं. ती फाईल मी नव्या यंत्रणेवर उघडूनही बघितलेली नव्हती. मालक वाल सोलत होते, मान वर न करता म्हणाले, "आज उघरून बघू नको."

"का?"

"बघितलास आनि बिघारलेली निघाली त रातभर रडशील. नीट निघाली त तुझा हात उद्या सैल परेल. सगल्यांम्होरं उघर."

हे काही मला पटलं नाही. तरीही मी उघडली नाही. भीती वाटत होती, हे खरं कारण.

सकाळी चुलतभाऊ बायकोला आणि घरातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. थोरल्याची छापील पत्रिका त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. मागे गल्लीतली माणसं. ओट्याच्या उंचीमुळे सगळे मान वर करून उभे राहिले. मालक कुठे दिसेनात. मी फाइलीवर क्लिक केलं. पडदा क्षणभर करडा झाला आणि मला सोमवारचं ऑफिस दिसलं. मग गणपती आला, मग किनार, मग नावं.

चुलतभावाने पत्रिका बायकोच्या हातात दिली. ती एकेक नाव मोठ्याने वाचू लागली आणि तो पडद्यावर बोट ठेवून जुळवू लागला. प्रत्येक नावाला म्हातारे "हां" म्हणत. त्याच्या वडिलांचं नाव आलं. ते वरच होतं, पहिल्या ओळीत, मधोमध, मी त्या वर्षी ठेवलं होतं तिथेच. त्याचं बोट तिथे थांबलं. बायको पुढे वाचायला लागली तर म्हणाला, "थांब जरा." त्याने डोळे पुसले, मग पुढे चालू. चुलते, मामा, आत्या, मुलं, सगळ्यात खाली किलबिल. एकही नाव हललं नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता नवऱ्याचा नाव बदल," म्हणाला, "आनि छाप."

मी नाव बदललं आणि छापायला टाकलं. प्रिंटर घरघरला. मला इतका आनंद झाला की स्टुलावरून उतरून नाचावंसं वाटत होतं, आणि दोन म्हातारे समोर असल्यामुळे मी फक्त कागद सरळ केले. तेवढ्यात दाराबाहेर मालक दिसले. ते एवढा वेळ तिथेच होते, दुकानाकडे पाठ करून, वालाच्या पट्टीकडे बघत. हळकुंडं, टेम्पो, मेन स्विच करणाऱ्या माणसाला आत येऊन बघायचा धीर झाला नव्हता. काकी पदर तोंडाला लावून हसत होती.

चुलतभावाने गरम कागद उचलला, सरळ बाहेर गेला आणि मालकांच्या पुढे धरला. "वाच तू," एवढंच म्हणाला. मालकांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि आपल्या चुलत्याचं नाव पहिलं वाचलं, अख्ख्या मांजर्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मग पुढची सगळी भावकी. कोणी घाई केली नाही.

मी अंबरनाथच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, सोमवारी येत नाही. फोन ठेवला तर दारात आणखी तीन घरची माणसं आपापल्या जुन्या पत्रिका हातात घेऊन उभी होती. मी म्हटलं, "या. कोणाची आधी काढू?"